जुने आवाज जपताना : घरगुती ‘पॅच बे’ची निवड आणि जोडणी

वर्धा जिल्ह्यातील अनेक घरांत माळ्यावर किंवा भिंतीतील कपाटात कॅसेटींचा एखादा खोका आजही जपून ठेवलेला आढळतो. त्यात कुणाच्या आजोबांची खंजिरी भजने असतात, कुणाच्या गावी रात्रभर रंगलेली दंडार असते, कुठे एखादे कीर्तन, तर कुठे आता हयात नसलेल्या आईने सहज गुणगुणलेल्या ओव्या. बाजारात कधीही न आलेल्या या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. फितीवरील चुंबकीय थर मात्र कायम टिकणारा नाही. पारा पंचेचाळीस अंशांवर नेणारा विदर्भाचा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा त्याला मानवत नाही.

म्हणूनच हे आवाज संगणकात उतरवून घेण्याकडे अलीकडे अनेकांचा कल आहे. जुना कॅसेट डेक दुरुस्त होतो, तबकडीवादक बाहेर निघतो, संगणकाला ध्वनी पुरविणारा ‘ऑडिओ इंटरफेस’ विकत आणला जातो. पहिले चार दिवस सारे सुरळीत चालते. पुढे फडताळाच्या मागे तारांचे जंजाळ होते. कॅसेटऐवजी तबकडी ऐकायची, तर डेक पुढे ओढून मागची पिन काढावी लागते आणि दुसऱ्या यंत्राची लावावी लागते. ही ओढाताण यंत्राला महागात पडते. अनेक डेकच्या मागील सॉकेट थेट आतील सर्किटच्या पट्टीवर बसविलेले असतात. वारंवारच्या काढघालीने त्यांचे सोल्डर सुटते, एका बाजूचा आवाज मध्येच जातो. अशा डेकचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. फीत वाचविण्याच्या खटपटीत ती वाजविणारे यंत्रच निकामी व्हावे, हा दैवदुर्विलास टाळण्याचा साधा उपाय म्हणजे ‘पॅच बे’, अर्थात जोडफलक.

दूरध्वनी केंद्रातून आलेली युक्ती

जोडफलकाची कल्पना मूळची संगीताच्या जगातील नाही. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या काळातील दूरध्वनी जतन करून ठेवलेला आहे. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट संपर्क साधता यावा म्हणून तो बसविण्यात आला होता, असे तेथे येणाऱ्यांना सांगितले जाते. त्या काळी लहान गावांतील दूरध्वनी केंद्रांत संभाषणे हाताने जुळवून दिली जात. कर्मचाऱ्यापुढे छिद्रांचा उभा फलक असे आणि प्रत्येक छिद्रामागे एकेका ग्राहकाची तार. दोन्ही टोकांना पिना असलेली दोरी या छिद्रातून त्या छिद्रात गेली, की दोन माणसे बोलू लागत. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ मध्ये पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले, मुंबईत ते १८८२ मध्ये आले. या फलकांसाठी चार्ल्स स्क्रिबनर यांनी विकसित केलेल्या खटक्याला ‘जॅक-नाइफ’ म्हणजे मिटणाऱ्या चाकूचे नाव मिळाले. आजचा ‘जॅक’ हा शब्द त्यातूनच उरला.

पुढे नभोवाणी केंद्रे आणि ध्वनिमुद्रणगृहे यांनी हीच युक्ती उचलली. मंडपवाले आणि लाऊडस्पीकरवाले ज्या जाड पिनेला ‘पी-३८’ म्हणतात, ती पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन याच दूरध्वनी फलकांचा वारसा आहे. तत्त्वही तेच राहिले. प्रत्येक यंत्राच्या मागील तारा एकदाच फलकाच्या पाठीमागे जोडायच्या आणि नंतर यंत्राला हात न लावता सारी अदलाबदल फलकाच्या पुढच्या बाजूने करायची.

आधी कागद, मग खरेदी

यंत्रे दोन-तीनच असतील, तर जोडफलकाची गरज नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरील निवडीची कळ किंवा साधा सिलेक्टर स्विच पुरतो. ध्वनी देणारी आणि घेणारी मिळून पाच-सहा यंत्रे झाली आणि जोडण्या आठवड्यातून अनेकदा बदलाव्या लागत असतील, तरच हा खर्च सार्थकी लागतो.

खरेदीपूर्वी एक कागद घेऊन त्याचे दोन रकाने करावेत. डावीकडे घरातील प्रत्येक यंत्रातून बाहेर पडणारा ध्वनी लिहावा, उजवीकडे आत जाणारा. स्टिरिओ यंत्राचे डावे व उजवे असे दोन मार्ग स्वतंत्र मोजावेत. त्यानंतर नेहमी कोणता ध्वनी कुठे जातो, ते रेघ ओढून दाखवावे. हा आराखडा केल्याशिवाय फलक आणणारा बहुधा दुसऱ्यांदा बाजारात जातो.

बाजारात सामान्यतः मिळणारा फलक १९ इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच असतो. त्यावर २४ स्तंभ आणि वर-खाली दोन ओळी, म्हणजे पुढे ४८ आणि मागे ४८ छिद्रे असतात. व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहांत ४.४ मिलिमीटरच्या बारीक पिनांचे ९६ छिद्रांचे फलकही वापरतात. त्यांच्या पिना आणि केबल महाग असतात. घरासाठी पाव इंची फलक उत्तम. ही पिन सीताबर्डीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळते आणि ती बदलणे गावातील कारागिरालाही जमते.

पी-३८ पिन दोन तऱ्हेची असते. मोनो पिनेला टोक आणि दांडा असे दोनच भाग असतात, तर स्टिरिओ पिनेला त्यांच्यामध्ये आणखी एक कडे असते. फलक स्टिरिओ पिना स्वीकारणारा, म्हणजे तीन स्पर्शबिंदूंचाच घ्यावा. इंटरफेससारखी यंत्रे ‘बॅलन्स्ड’ पद्धतीने ध्वनी नेतात. त्यात एकच ध्वनी दोन तारांवरून परस्परविरुद्ध रूपात जातो आणि वाटेत दोन्ही तारांत सारखाच शिरलेला उपद्रव शेवटी वजा होतो. त्यासाठी हे तिसरे कडे लागते. जुन्या डेकची साधी मोनो पिन मात्र अशा फलकातही चालते.

तीन रीती, एक निर्णय

जोडफलकाचे खरे मर्म त्याच्या आतील जोडणीत आहे. प्रघात असा, की वरच्या ओळीत ध्वनी देणारी यंत्रे आणि खालच्या ओळीत ध्वनी घेणारी यंत्रे जोडावीत. एकाच स्तंभातील वरचे आणि खालचे छिद्र आतून कसे जोडलेले असावे, याच्या तीन रीती आहेत.

पहिली ‘थ्रू’. यात वरचे आणि खालचे छिद्र परस्परांपासून अलग असतात. पुढून दोरी लावल्याशिवाय काहीही जोडले जात नाही.

दुसरी ‘फुल नॉर्मल’. पुढे काहीही लावलेले नसताना वरचा ध्वनी आपोआप खाली उतरतो. वर किंवा खाली कुठेही पिन घातली, की ही आपोआप जोडणी तुटते.

तिसरी ‘हाफ नॉर्मल’. इथेही ध्वनी आपोआप खाली जातो. खाली पिन घातल्यास जोडणी तुटते, पण वर घातल्यास तुटत नाही. म्हणजे वरच्या छिद्रातून ध्वनीची एक शाखा बाहेर काढता येते आणि मूळ प्रवाह चालूच राहतो. पाटचाऱ्याच्या पाण्याला वरून फाटा काढावा आणि खालच्या वावराचे पाणीही न तुटावे, तसा हा प्रकार.

घरगुती कामाला बहुतेक ठिकाणी हाफ नॉर्मल सोयीची पडते. कोणत्या स्तंभाला कोणती रीत, हे ठरविण्याची सोय मात्र प्रत्येक फलकात निराळी असते. बेहरिंगरच्या ‘पीएक्स ३०००’सारख्या फलकावर प्रत्येक स्तंभासाठी वरच्या बाजूला छोटी कळ असते. काही फलकांत ती पुढेच असते, तर काहींत आतील पट्टी काढून उलटी बसवावी लागते. फलक चौकटीत बसविल्यावर वरची कळ बोटाला सापडत नाही. त्यामुळे रीती आधी ठरवून मगच तो बसवावा.

एका घराचा आराखडा

उदाहरणादाखल, एखाद्या घरी कॅसेट डेक, प्रीअ‍ॅम्पसह तबकडीवादक, जुना स्पूलचा टेप, इक्वलायझर, चार इनपुट व चार आउटपुट असलेला इंटरफेस आणि अ‍ॅम्प्लिफायर आहे असे समजू. त्याचा आराखडा असा होईल :

स्तंभ १ व २ : वर कॅसेट डेकचे आउटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट १ व २. हाफ नॉर्मल.

स्तंभ ३ व ४ : वर तबकडीवादकाच्या प्रीअ‍ॅम्पचे आउटपुट, खाली इंटरफेसचे इनपुट ३ व ४. हाफ नॉर्मल.

स्तंभ ५ व ६ : वर इंटरफेसचे आउटपुट १ व २, खाली अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट. हाफ नॉर्मल.

स्तंभ ७ व ८ : वर इंटरफेसचे आउटपुट ३ व ४, खाली कॅसेट डेकचे ध्वनिमुद्रणाचे इनपुट. थ्रू.

स्तंभ ९ व १० : वर इक्वलायझरचे आउटपुट, खाली इक्वलायझरचे इनपुट. थ्रू.

स्तंभ ११ व १२ : वर स्पूल टेपचे आउटपुट, खाली रिकामे. थ्रू.

यात नववा आणि दहावा स्तंभ थ्रू ठेवण्याला विशेष कारण आहे. तिथे हाफ नॉर्मल ठेवल्यास इक्वलायझरमधून निघालेला ध्वनी पुन्हा त्याच्याच पोटात शिरेल आणि ध्वनिक्षेपकासमोर माईक धरल्यावर होते तशी किंकाळी उमटेल. एकाच यंत्राचे दोन्ही मार्ग एका स्तंभात आले, की हा धोका असतोच. सातव्या-आठव्या स्तंभांचेही तसेच. डेककडे परत जाणारा मार्ग मुद्दाम जोडल्याशिवाय उघडा नसावा.

आता या मांडणीची सोय पाहावी. भजनाची कॅसेट लावली, की एकही दोरी न लावता तिचा ध्वनी संगणकात पोहोचतो. जतनाची प्रत नेहमी मुळाबरहुकूम, कोणताही संस्कार न करता, २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ या प्रमाणात घ्यावी, असा ध्वनिसंग्रहालयांचा दंडक आहे. पण शेजारी बसलेल्या आजींना त्या खरखरीतून शब्द कळायला हवेत. मग पहिल्या व दुसऱ्या स्तंभांच्या वरच्या छिद्रांतून इक्वलायझरच्या इनपुटला, म्हणजे नवव्या व दहाव्या स्तंभांच्या खालच्या छिद्रांना, दोन दोऱ्या लावाव्यात. इक्वलायझरच्या आउटपुटमधून, म्हणजे त्याच स्तंभांच्या वरच्या छिद्रांतून, पाचव्या व सहाव्या स्तंभांच्या खालच्या छिद्रांना आणखी दोन दोऱ्या लावाव्यात. संगणकात मूळ ध्वनी अबाधित उतरत राहतो आणि आजींना मात्र सुधारलेला आवाज ऐकू येतो. हाफ नॉर्मलची सारी उपयुक्तता या चार दोऱ्यांत दिसते.

एका ध्वनीच्या दोन शाखा अशा काढता येतात. मात्र दोन यंत्रांचे आउटपुट एकत्र जोडून एका इनपुटला देऊ नयेत. ते काम मिक्सरचे आहे.

केबल आणि सोल्डर

वरील आराखड्यात फलकाच्या पाठीमागे २२ केबल, म्हणजे ४४ पिना लागतात. खर्चाचा अंदाज करताना अनेकजण फलकाची किंमत धरतात आणि केबल विसरतात. प्रत्यक्षात तोच खर्च वाढतो. स्वतः सोल्डर करता आले तर बचत मोठी होते. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०-४०चे सोल्डर आणि मल्टिमीटर एवढ्यावर काम भागते.

डेक, प्रीअ‍ॅम्प यांसारख्या घरगुती यंत्रांपासून फलकापर्यंत एकेरी गाभ्याची जाळीदार केबल घ्यावी. यंत्राच्या बाजूला आरसीए पिन आणि फलकाच्या बाजूला मोनो पी-३८ लावावी. मधली तार पिनेच्या टोकाला, जाळी दांड्याला. फलकापासून इंटरफेसच्या इनपुटपर्यंत दुहेरी गाभ्याची केबल आणि दोन्हीकडे स्टिरिओ पिना असाव्यात : पहिली तार टोकाला, दुसरी कड्याला, जाळी दांड्याला. कोणत्या रंगाची तार टोकाला, हे एकदा ठरवून कागदावर लिहावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे. प्रत्येक केबल जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावी. एक सदोष पिन फलकामागे दडली, की ती शोधण्यात सारी रविवारची दुपार जाते.

इंटरफेसच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाताना एक काळजी घ्यावी. मोनो पिनेमुळे कडे आणि दांडा एकमेकांना जोडले जातात. काही यंत्रांना ते चालते, काहींना कडे मोकळे ठेवावे लागते. याचे उत्तर यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते.

पातळीचा फरकही लक्षात घ्यावा. घरगुती डेकची प्रमाण पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट, तर व्यावसायिक यंत्रांची सुमारे १.२३ व्होल्ट असते. हा फरक जवळपास १२ डेसिबलचा आहे. जोडफलक ध्वनी वाढवीत नाही आणि कमीही करीत नाही. म्हणून इंटरफेसवर पातळी निवडण्याची सोय असल्यास ती घरगुती यंत्रांसाठीच्या खुणेवर ठेवावी.

गुणगुणीचे मूळ जमिनीत

सारे जोडून झाल्यावर स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा खोल आवाज येऊ लागला, तर दोष फलकाला दिला जातो. बहुतांश वेळा तो अर्थिंगचा असतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. दोन यंत्रे एकीकडे ध्वनीच्या केबलने आणि दुसरीकडे अर्थच्या तारेने जोडली गेली, की एक बंद कडे तयार होते. त्यातून फिरणारा सूक्ष्म प्रवाह ही गुणगुण निर्माण करतो. बारीक चरचर असेल, तर संशय पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर किंवा दिव्याच्या डिमरवर घ्यावा.

उपाय क्रमाने करावेत. सर्व यंत्रांना वीज एकाच बोर्डावरून द्यावी. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही जोडला असेल, तर केबलवाल्याची तार काढून ऐकावे. अनेकदा गुणगुण तिथेच थांबते. फलक घेतानाही एक चाचणी करावी. दोन वेगवेगळ्या स्तंभांचे दांड्याचे स्पर्शबिंदू एकमेकांना जोडलेले आहेत काय, हे मल्टिमीटरने पाहावे. ते सर्वत्र जोडलेले असतील, तर सगळ्या यंत्रांचे अर्थ फलकात एकत्र येतात आणि नवी कडी तयार होतात. स्तंभागणिक अलग असलेला फलक घरासाठी श्रेयस्कर.

बॅलन्स्ड केबलची जाळी एका टोकाला सोडविल्याने गुणगुण थांबू शकते. साध्या केबलला हा उपाय चालत नाही, कारण तिथे जाळीच ध्वनीची परतीची वाट असते. अशा वेळी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. गुणगुण घालविण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थची जाड पिन मात्र कदापि काढू नये. तो आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

वर्धा परिसरात या प्रश्नाला जमिनीचाही एक पदर आहे. येथील काळी कापसाची जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण उन्हाळ्यात ती भेगाळते, आक्रसते आणि पुरलेल्या नळीपासून सुटते. त्यामुळे पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. कोळसा-मीठ घातलेल्या अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. काही घरांत अर्थच्या जागी न्यूट्रलची तारच जोडून दिलेली आढळते. हा प्रकार घातक आहे. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसविणे, हा या साऱ्या खटाटोपाचा पहिला खर्च असावा.

काय आणू नये, काय सांभाळावे

अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या तारा फलकावर आणू नयेत. तेथील विद्युतदाब व प्रवाह मोठा असतो आणि पिन आत जाताना तिचे भाग क्षणभर एकमेकांना टेकतात. अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा असलेला माईकही याच कारणाने दूर ठेवावा. तबकडीवादकाच्या सुईतून निघणारा ध्वनी अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. तो आधी प्रीअ‍ॅम्पमधून जावा आणि मगच फलकाकडे यावा. दोऱ्या बदलताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी.

फलकाला निगाही लागते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या छिद्रांतील स्पर्शबिंदूंवर धूळ आणि दमट हवेने पुट चढते आणि पुढे काही लावलेले नसतानाही एका बाजूचा आवाज जातो. त्या छिद्रात पिन चार-पाचदा आतबाहेर केल्याने तो बहुधा परततो. दर पावसाळ्यानंतर सर्व छिद्रांना हा व्यायाम द्यावा, गरज वाटल्यास संपर्क स्वच्छ करणारा फवारा वापरावा. प्रत्येक छिद्रावर नाव आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक लिहावा. आराखड्याचा कागद फलकाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा, म्हणजे जोडणी करणारा घरी नसतानाही दुसऱ्याला ती उमगेल.

शेवटची सूचना घाई करणाऱ्यांसाठी. जुनी फीत कधी तुटेल, कधी चिकटेल, सांगता येत नाही. काही कॅसेटी एकदाच वाजतात. म्हणून सर्व जोडणी प्रथम एखाद्या जुन्या चित्रपटगीतांच्या, गेली तरी चालेल अशा कॅसेटवर तपासावी. डावे-उजवे बरोबर आहे, गुणगुण नाही, पातळी योग्य आहे, संगणकात फाइल नीट उतरली आहे, याची खात्री करावी. मग आजोबांच्या भजनाची कॅसेट बाहेर काढावी, पुसून टाकण्यापासून संरक्षण देणारी तिच्या पाठीवरील चकती मोडलेली आहे ना, ते पाहावे, आणि त्यानंतरच डेकची कळ दाबावी.